आकेशियाने जमीन मारली का? कोकणातल्या एका उताराची हकीकत

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व भागात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या एका गावातली ही जमीन. गावाचं आणि घराचं नाव देत नाही. सातबाऱ्यावर 14 नावं असलेल्या सामाईक जमिनीबद्दल लिहिताना तेवढी काळजी घेतलेली बरी. एकूण 9 एकर वरकस, म्हणजे हलक्या डोंगरजमिनीचा, उतार. त्यातले साधारण 4 एकर जुनं रान आहे: ऐन, किंजळ, मध्ये जांभूळ, कुंभा, एखाददुसरा बेहडा. साडेतीन एकरांवर 1990च्या आसपास त्या घरातल्या आजोबांनी रोपवाटिकेतून आणलेला आकेशिया लावला. उरलेला दीड एकर पडीक, गवत आणि करवंदाच्या जाळ्या, जागोजागी जांभा खडक वर आलेला.

आकेशिया म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. त्या काळात कोकणात ती सगळीकडे लागली, कारण ती कुठेही लागते. गुरं तिला तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. आजोबांचा हिशेब सरळ होता. जिथे काहीच येत नाही तिथे निदान जळण तरी येईल.

घरात गावी राहणारे काका-काकू, आणि ठाण्याला नोकरी करणारा पुतण्या. पुतण्या शिमग्याला आणि गणपतीला येतो, मे महिन्यात आठवडाभर राहतो आणि प्रत्येक वेळी जमिनीचं काहीतरी करायला हवं असं म्हणून जातो. घरी अजून 20 गुंठे भात होतो. त्याच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजतात: ऐनाकिंजळाचं कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडून वाळवायचं, शेण, गवत आणि रानातला पातेरा (गळलेला पाला) यांचे थर दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरायचे आणि उन्हाळ्यात भाजावळ करायची. हा तपशील इथे उगाच दिलेला नाही. पुढच्या सगळ्या हिशेबात तो मध्ये येणार आहे, आणि मला तो फार उशिरा दिसला.

माझं काम माती परीक्षणाचं. पुतण्या ओळखीतून माझ्याकडे आला.

अडचण

पुतण्याने तीन वर्षांपूर्वी आकेशियात जिथे जिथे झाडं विरळ होती तिथे काजूची 40 कलमं लावली होती, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7. उरलेली 10 कलमं टाकून कशी द्यायची म्हणून ऐनाच्या रानाच्या कडेला लावली. खत सगळ्यांना सारखंच. तीन वर्षांनी कडेची कलमं छातीला लागत होती आणि आकेशियातली गुडघ्याएवढी, पानं लहान, रंग उडालेला. सात-आठ तर मेलीच होती.

काकांचं निदान तयार होतं. "साहेब, या झाडाने जमीन मारली. खाली गवताची काडी उगवत नाही." पुतण्याचं निदानही तेच, फक्त त्यावर उपायही ठरला होता. लाकडाच्या ठेकेदाराशी बोलणं झालं होतं: सगळा आकेशिया एकदम तोडायचा, जेसीबीने बुंधे उपटायचे, पातेरा ढीग करून जाळायचा आणि पावसाळ्याला काजू. पैशांची गरजही खरी होती. घराच्या कौलांचं काम निघालं होतं.

पहिली चूक, माझीच

मी फोनवरूनच सांगितलं, "आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र करा, अर्धा किलो पाठवा." भाताच्या खाचराला हा सल्ला ठीक आहे. इथे तो साफ चुकीचा होता. पुतण्याने मी सांगितल्याप्रमाणे आकेशियातली, ऐनातली आणि कडेची माती एकत्र केली आणि ज्या फरकाबद्दल प्रश्न विचारला होता तो फरकच मिसळून टाकला.

अहवाल आला: सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) 5.3, सेंद्रिय कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. मी चुना आणि सुपर फॉस्फेट लिहून दिलं. त्यांनी घातलं. काही झालं नाही.

अहवालातल्या 'नत्र भरपूर' या नोंदीवर मी तेव्हा थांबायला हवं होतं. बऱ्याच प्रयोगशाळांत उपलब्ध नत्र वेगळा मोजत नाहीत, सेंद्रिय कर्बाच्या आकड्यावरून काढतात. शेतात ते बऱ्यापैकी चालतं. जिथे न कुजलेला पातेरा मातीत मिसळून नमुन्यात आला आहे तिथे कर्ब भरमसाट दिसतो आणि त्याच्या मागे नत्रही कागदावर भरमसाट होतो. झाडाला तो मिळतो की नाही हे कागद सांगत नाही.

ऑगस्टमध्ये मी स्वतः गेलो.

जमिनीवर काय दिसलं

आकेशियाखाली बसून पातेरा हाताने उचलायला गेलो तर मूठभर हाती येण्याऐवजी अख्खा तुकडाच वर आला, गोधडीचं टोक धरून उचलावं तसा. तीन बोटं जाड. वरची पानं तपकिरी, मधली काळपट, आणि ती सगळी बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना शिवलेली. गोधडीखाली लगेच फिकट तांबडी माती, सुरीने रेघ मारावी तशी वेगळी. ऐनाच्या रानात 100 पावलांवर गेलो तर उचलायला काही नव्हतंच. वर यंदाची पानं, त्याखाली अर्धवट चावलेले तुकडे, त्याखाली काळसर रवाळ माती आणि गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या. पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते ते बोटाने दाखवता येत नव्हतं.

हा फरक नवा नाही. डेन्मार्कचा वनाधिकारी पी. ई. म्युलर याने 1879 मध्ये बीच वृक्षांच्या जंगलात नेमकं हेच लिहून ठेवलं: एका जातीची वनमाती जिच्यात पाला मिसळून जातो, तिला त्याने 'मुल' म्हटलं, दुसरी, जिच्यावर पाला चटईसारखा साचतो, ती 'मोर'. रत्नागिरीच्या पावसात, जिथे 3,000 मिमीहून जास्त पाणी चार महिन्यांत पडतं, तिथे चटई साचावी हे मात्र मला विचित्र वाटलं. एवढ्या ओलीत आणि उबेत पाला टिकतो म्हणजे दोष हवेचा नाही, पाल्याचा असणार.

आकेशियाचं पान हे खरं पान नाहीच. तो चपटा झालेला देठ आहे, जाड, मेणचट, लिग्निनने, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणाऱ्या, कुजायला जड द्रव्याने भरलेला. नत्र त्यात कमी नसतो, गाठींच्या कृपेने बराच असतो. पण कुजण्याचा वेग नुसत्या नत्रावर ठरत नाही. लिग्निन किती आणि त्याच्या मानाने नत्र किती यावर बराचसा ठरतो. तिजोरीत पैसे आहेत पण कुलूप जाड आहे, असा प्रकार. गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या पानात नत्र भरपूर आणि कुलूप जवळपास नाहीच, म्हणून ते पाहता पाहता विरघळतं. ऐन या दोघांच्या मधला. टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, त्याच्यातही आहे, पण बरंचसं पहिल्या पावसांत धुऊन जातं.

ऐनाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते मला काकूंनी आठवून दिलं. त्यांच्या माहेरी म्हातारी माणसं ऐनाच्या सालीची राख चुना म्हणून विड्याला लावायची. जुन्या वनशास्त्राच्या नोंदींतही हे आहे. म्हणजे ऐन खोलवरून चुना, कॅल्शियम, वर खेचतो आणि अंगात साठवतो. पान गळण्याआधी झाड त्यातला साधारण निम्मा नत्र आणि स्फुरद परत आत ओढून घेतं. कॅल्शियम मात्र पेशींच्या भिंतीत अडकलेलं, ते परत जात नाही. पानाबरोबर खाली पडतं. दरवर्षी उन्हाळ्यात ऐन आपल्या पायाशी चुन्याचा पातळ थर टाकतो, असं म्हणायला हरकत नाही.

गांडुळांना हा चुना लागतो. पोलंडमध्ये सीमियानिचे इथे 1970-71 मध्ये एकाच जमिनीवर 14 जातींची झाडं शेजारी शेजारी लावली होती. 30 वर्षांनी पीटर राईश आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तर ज्या जातींच्या पाल्यात कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली गांडुळं जास्त, माती कमी आम्ल आणि पाला लवकर नाहीसा. तिकडची झाडं वेगळी, गांडुळंही वेगळी; पण ऑगस्टच्या त्या दुपारी मला तेच चित्र दिसत होतं.

आणि इथेच मी दुसरी चूक करणार होतो. पोलंडमध्ये जमीन एकच होती, झाडं वेगवेगळी. इथे?

मी काकांना विचारलं, आजोबांनी आकेशिया नेमका इथेच का लावला? ते म्हणाले, "इथे दुसरं काय येणार? कातळच होता सगळा."

मग जमीन मारली कोणी?

हा प्रश्न या प्रकरणाचा कणा आहे. झाडामुळे माती अशी झाली, की माती अशी होती म्हणून हे झाड तिथे आलं? दोन तुकड्यांची तुलना करून याचं उत्तर कधीच मिळत नाही. तिसरी जागा लागते: त्याच उताराची, त्याच जांभ्याची, पण जिथे यांपैकी कोणतंच झाड नाही. सुदैवाने दीड एकर पडीक होतं, आकेशियाला लागूनच.

या वेळी नमुने वेगवेगळे घेतले. तीन जागा, आणि प्रत्येक जागी तीन थर: पातेरा वेगळा, वरचे 5 सेंटिमीटर वेगळे, 5 ते 20 सेंटिमीटर वेगळे. पहारीने खोलीही पाहिली. ऐनाच्या रानात पहार दोन फुटांच्या खाली गेली तरी माती. आकेशियात आणि पडिकात बहुतेक ठिकाणी एका फुटावर खणकन जांभा.

वरच्या 5 सेंटिमीटरचा सामू ऐनाखाली 5.8, पडिकात 5.4, आकेशियाखाली 4.9. कर्ब ऐनाखाली सर्वांत जास्त, पण आकेशियाखालचा पडिकापेक्षा स्पष्टच जास्त. उपलब्ध स्फुरद तिन्हीकडे कमी, आकेशियाखाली सर्वांत कमी.

म्हणजे काकांचं म्हणणं अर्धं खरं. आकेशियाने कातळावर कर्ब जमवला होता, 30 वर्षांत पडिकापेक्षा जास्त. ती मारणं नव्हे. पण त्याच वेळी माती आम्ल केली होती. नत्र धरणाऱ्या झाडाखाली असं होतं: जास्तीचा नत्र नायट्रेट बनतो, धुवाधार पावसात खाली वाहून जातो आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियमला सोबत घेऊन जातो. मागे आम्ल राहतं. जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मुबलक. जितकी आम्लता जास्त तितकी ती स्फुरदाला घट्ट धरून बसतात. मी घालायला लावलेलं सुपर फॉस्फेट कुठे गेलं त्याचं उत्तर बहुधा हेच. आणि ऐनाच्या रानाची श्रीमंती? तिचा एक भाग ऐनाचा, दुसरा भाग त्या दोन फूट मातीचा, जी ऐनाच्या आधीपासून तिथे होती.

कलमांबद्दल एवढंच म्हणता येत होतं की त्यांना तीन मार एकत्र बसले: सावली, उथळ माती आणि अडकलेला स्फुरद. यातला सावलीचा मार सगळ्यात साधा आणि आम्ही सगळ्यात शेवटी त्याच्याकडे पाहिलं.

समोरचे पर्याय

सरसकट तोड आणि जेसीबी हा पुतण्याचा आवडता. पैसे एकरकमी. पण हिशेब असा होता की या उतारावर उपलब्ध होऊ शकेल असा स्फुरद मुख्यतः त्या गोधडीतच होता. खालची माती त्याला धरून ठेवते, सोडत नाही. पातेरा आणि त्यातली बुरशी मात्र हळूहळू सोडते. बुंधे उपटताना तोच थर खरवडला जाणार आणि जूनच्या पहिल्या दोन सरींत वहाळात जाणार.

जाळणं हा त्याचाच धाकटा भाऊ. राखेने आम्लता थोडी उतरते, स्फुरद आणि चुना राखेत उरतो, हे खरं. राबाची सगळी करामत तीच आहे. पण नत्र धुरात जातो, आणि दाढी सपाट असते, हा उतार होता. शिवाय आकेशियाच्या बीचं कवच टणक. आगीच्या धगीने ते उलट रुजायला लागतं. जाळून मोकळी केलेली जागा वर्षभरात आकेशियाच्या रोपांनी भरण्याची शक्यताच जास्त.

तिसरा पर्याय काहीच न करण्याचा. मला वैयक्तिकरीत्या तो वाईट वाटला नाही, कारण कर्ब वाढतच होता. पण कौलं थांबणार नव्हती.

चौथा: पट्ट्यापट्ट्यांनी विरळणी. उताराला आडव्या पट्ट्या, एक तोडायची, दोन ठेवायच्या. पान, काटक्या, साल तिथेच पसरायची, फक्त ओंडके न्यायचे. झाडातल्या नत्र, स्फुरद आणि चुन्याचा मोठा वाटा पानांत, काटक्यांत आणि सालीत असतो. लाकडात वजनाच्या मानाने फारच कमी. मोकळ्या पट्ट्यांत ऐन, किंजळ, जांभूळ आणि थोडा काजू, बांधाला गिरिपुष्प.

ठेकेदाराला हे पसंत नव्हतं. त्याचं म्हणणं, गाडी एकदा वर आली की सगळं न्यायचं, नाहीतर परवडत नाही. दर त्याने चांगलाच पाडला. पुतण्या दोन दिवस बोलला नाही. शेवटी काकांनी निकाल दिला: या वर्षी एक तृतीयांश तोडू, कौलांपुरतं होईल, बाकीचं पळून जात नाही. कायद्याचाही एक धागा त्यांच्या डोक्यात होता. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं महाराष्ट्राच्या 1964च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तोडायला परवानगी लागते. 'ऐन लावला की पुढे तोडताना कागद' ही भीती कोकणात बऱ्याच जणांना ऐन लावण्यापासून परावृत्त करते. काका म्हणाले, "मी कुठे तोडायला जगतोय."

पिशव्या

निर्णय झाला तरी मला एक गोष्ट खात्रीने पाहायची होती: दोष पानाचा की जागेचा? आकेशियाचं पान ऐनाच्या रानात ठेवलं तर कुजेल का?

मच्छरदाणीच्या जाळीच्या 48 पिशव्या शिवल्या, म्हणजे काकूंनी शिवल्या. चार प्रकारचा वाळलेला पाला, प्रत्येक पिशवीत 10 ग्रॅम: आकेशिया, ऐन, किंजळ, गिरिपुष्प. निम्म्या पिशव्या आकेशियात, निम्म्या ऐनात, जून लागताना सुतळीने खुंट्यांना बांधून जमिनीला टेकवल्या. जुलैच्या मध्यात, ऑक्टोबरात आणि पुढच्या मे महिन्यात प्रत्येक प्रकारच्या दोन-दोन उचलायच्या. दोन पिशव्यांवरून सरासरी म्हणणंही धाडसच आहे. पण हा प्रबंध नव्हता, एका घराचा निर्णय होता.

जुलैत गिरिपुष्पाच्या पिशव्यांत देठ आणि शिरा उरल्या होत्या. ऑक्टोबरात ऐनाचा पाला ऐनाच्या रानात 4 ग्रॅमच्या आसपास, आकेशियात ठेवलेला जवळजवळ 5. आकेशियाचा पाला आपल्या घरी 7, ऐनाच्या रानात 6 ग्रॅमच्या थोडा वर. किंजळ ऐनाच्या मागेमागे. म्हणजे जागेचाही वाटा होता, पण पानाचा वाटा त्याहून मोठा.

गंमत दोन पिशव्यांनी केली. ऐनाच्या रानातल्या ऐनाच्याच दोन पिशव्या मे महिन्यात वजन केल्यावर 12-12 ग्रॅम भरल्या. ठेवले त्यापेक्षा जास्त! वाळवीने आत येऊन माती भरली होती. अशा वेळी उरलेला पाला जाळून राख वजा करायची असते, म्हणजे मातीचं वजन कळतं. मला ते सुचेपर्यंत काकूंनी पिशव्या झटकून, धुऊन वाळत घातल्या होत्या. शिवाय मच्छरदाणीच्या भोकातून मोठं गांडूळ आत येत नाही. ऐनाच्या रानातला खरा वेग पिशवीने दाखवला त्यापेक्षा जास्तच असणार.

प्रत्यक्ष काम, आणि त्यात काय बिघडलं

तोड डिसेंबरात झाली. काटक्या आणि साल जागेवर ठेवायची हे ठेकेदाराशी तोंडी ठरलं होतं. तोडीच्या दिवशी काका दाढदुखीने तालुक्याला गेलेले. संध्याकाळी येऊन पाहतात तो जाड काटक्या भट्टीसाठी गाडीत आणि बारीक पाला दोन मोठ्या ढिगांत पेटवलेला. "साफ करून दिलं तुम्हाला," असं वर ऐकावं लागलं. पट्टीचा जवळजवळ अर्धा भाग असा उघडा पडला.

पावसाळ्याला खड्डे दीड फुटाचे. प्रत्येकात ऐनाच्या रानातली एक घमेलं वरची माती, बुरशी आणि जिवाणूंसाठी विरजण म्हणून, आणि आकेशियाचा अर्धवट कुजलेला, गोधडीच्या खालच्या बाजूचा पाला. सुपर फॉस्फेटऐवजी काजूला रॉक फॉस्फेट, जे आम्ल मातीत हळूहळू सुटतं, आणि चुलीतली राख. गिरिपुष्पाचे दांडे बांधावर. पावसात दोनदा छाटून पाला आकेशियाच्या गोधडीवर पसरायचा.

पहिल्याच वर्षी रानमोडी हे तण माजलं. ऊन आलं, नत्र होताच. ती वाटच पाहत होती. जाळलेल्या दोन वर्तुळांत मात्र रानमोडीच्या आधी आकेशियाची रोपं उगवली, दाट, रोपवाटिकेत पेरल्यासारखी. बेणणीच्या, म्हणजे तण काढण्याच्या, मजुरीचा हिशेब आमच्यापैकी कोणीच धरला नव्हता. मोकाट गुरांनी ऐनाची रोपं खाल्ली ती वेगळीच. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, एका बाजूला पडलेला होता.

तीन पावसाळ्यांनंतर

ऐनाची लावलेली साधारण निम्मी रोपं जिवंत आहेत, आणि ती अजून कंबरेलाही लागत नाहीत. किंजळ बरा. जांभूळ सगळ्यांत पुढे. पट्टीतला काजू आकेशियातल्या जुन्या कलमांपेक्षा उघडच बरा आहे; पण त्यात ऊन किती आणि रॉक फॉस्फेट किती हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकदम बदललं.

सामूची नोंद पाहून पुतण्या नाराज झाला. वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये 4.9चा 5.1, खाली काहीच नाही. मला त्यात नवल वाटलं नाही. पोलंडच्या झाडांनी 30 वर्षं घेतली होती. जिथे गिरिपुष्पाचा पाला पडतो तिथे गोधडी मात्र पातळ झाली आहे. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कडेला गांडुळांच्या गोळ्या पहिल्यांदा दिसल्या. ज्या पट्टीत काटक्या राहिल्या आणि ज्या भागातला पाला जाळला, त्यांतला फरक आता गवतावरून दुरूनही कळतो: राखेच्या जागी पहिलं वर्ष हिरवंगार, तिसऱ्या वर्षी पुन्हा तांबडी माती उघडी.

सगळ्यात मोठा बदल माझ्या यादीत नव्हताच. शंभर वर्षं तरी या घराने ऐनाच्या रानातून कवळ आणि पातेरा भाताकडे नेला आहे. ऐन चुना वर आणतो, माणसं तो डोक्यावरून खाली खाचरात नेतात. एवढं नेऊनही ते रान आकेशियापेक्षा सुपीक होतं; नेणं कमी झालं तर काय होईल, हा प्रश्न मी दोन वर्षं विचारलाच नव्हता. मी झाडं, माती आणि पाऊस यांचाच फेरा मांडत बसलो होतो, आणि फेऱ्यातला सगळ्यात मोठा निचरा माझ्यासमोर भारा घेऊन उतरत होता.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गेलो तेव्हा काकू राबासाठी पातेरा भरत होत्या, पण आकेशियाखालचा. शेण आणि थोडं गवत मिसळून त्याच्यावर भाजावळ केली, तरवा नेहमीसारखा उगवला. मला आनंद झाला. म्हटलं, काकू, बरोबर केलंत, कुजायला जड असलेला पाला जाळलात आणि ऐनाचा रानातच राहू दिलात. आकेशियात नत्र तसाही जास्तच आहे.

"तसं काही नाही हो, सर," त्या म्हणाल्या. "हा जवळ पडतो. आता ऐनावर कोण चढणार?"

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दिवशी फोनवर नमुना मागवण्याऐवजी जाईन, आणि तिसऱ्या, पडीक जागेचा नमुना पहिल्याच फेरीत घेईन. तो नसता तर आम्ही सगळ्यांनी मिळून आकेशियाला फाशी दिली असती. मातीचा थर वेगळा, पातेऱ्याचा वेगळा. रानात 'वरची 20 सेंटिमीटर एकत्र' हा शेताचा नियम चालत नाही.

पिशव्या जास्त शिवीन, जाळीची दोन मापं घेईन, आणि त्या झटकायला कोणाच्या हाती देणार नाही. काजूत एक ओळ रॉक फॉस्फेटशिवाय ठेवीन. रानमोडीच्या दोन वर्षांच्या बेणणीचा खर्च लाकडाच्या पैशांतून आधीच बाजूला काढायला सांगीन. तो काढला असता तर कदाचित एक तृतीयांशाऐवजी पाव भागच तोडला असता. गडगा आधी, रोपं नंतर.

आणि घरात जमिनीवर रोज कोण काय नेतं-आणतं हे पहिल्या भेटीत विचारीन. सातबाऱ्यावरच्या 14 नावांत काकूंचं नाव नाही, म्हणून मी निर्णयाच्या बैठकीत त्यांना काही विचारलं नव्हतं. रानात वर्षाचे सर्वांत जास्त दिवस त्याच असतात.

दुसरी पट्टी तोडायची की नाही हे यंदा ठरायचं आहे. पुतण्याला काजू वाढवायचा आहे, काका म्हणतात जांभळं दिसू देत आधी. ठेकेदाराचा फोन दोनदा येऊन गेला. या वेळी 'पान, काटकी, साल जागेवर' हे वाक्य स्टॅम्प पेपरवर लिहून तयार आहे, सहीपुरतं थांबलंय.